मोटारगाडीतील व्हॉल्व्ह टायमिंगचे बिघाड : निदान ऑईलपासून सुरू करावे

ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन यांच्याशी शेतकरी कुटुंबाची ओळख जुनी आहे. एअर क्लीनर साफ करणे, डिझेल लाईनमधील हवा काढणे, टॅपेटची फट फिलर गेज लावून पाहणे अशी कामे अनेक शेतकरी बंधू मिस्त्रीची वाट न पाहता स्वतः करतात. मोटारगाडीचे मात्र तसे नाही. बॉनेटखाली वायरी आणि प्लॅस्टिकची झाकणे दिसली की हे काम आपले नव्हे असे समजून गाडी सरळ गॅरेजला लावली जाते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यानंतर अनेक लहान मोटारींतील डिझेल इंजिने बंद झाली आणि ग्रामीण भागातही पेट्रोल व सी.एन.जी. गाड्या वाढल्या. या गाड्यांपैकी बहुतेकांत व्हॉल्व्हची वेळ चालता चालता बदलणारी यंत्रणा असते. बोनेटवर किंवा डिकीवर 'व्ही.व्ही.टी.' किंवा तत्सम अक्षरे असतात, ती याच यंत्रणेची.

या यंत्रणेत बिघाड झाला की गाडी झटके खाते, ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि समोरच्या पॅनेलवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, एक क्रमांक निघतो आणि त्या क्रमांकावर बोट ठेवून सेन्सर, सोलेनॉईड किंवा संपूर्ण चेन संच बदलण्याचा सल्ला मिळतो. खर्च काही हजारांत जातो. पुष्कळ वेळा खरे कारण असते कमी झालेले, जुने झालेले किंवा चुकीच्या ग्रेडचे ऑईल. असे का होते हे समजण्यासाठी यंत्रणेचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

व्हॉल्व्हची वेळ बदलावी का लागते?

चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच्या उंचवट्यांनी उघडतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. ही जोडणी चेन, पट्टा किंवा गिअरने केलेली असते. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या थोडे आधीच इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागतो आणि त्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हही पूर्ण मिटलेला नसतो. म्हणजे काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात. तसेच पिस्टन खालच्या टोकावरून वर निघाल्यानंतरही इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो, कारण वेगाने आत येणारी हवा लगेच थांबत नाही. तिचा फायदा करून घेतला जातो.

पंपाचे इंजिन दिवसभर १५०० फेऱ्यांवर किंवा त्याच्या आसपास चालते. त्याला एकच वेळ बांधून दिली की पुरते. ट्रॅक्टरचे इंजिनही साधारण दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही. पेट्रोल मोटारीचे इंजिन मात्र उभ्या गाडीत मिनिटाला सातशे-आठशे फेरे करते आणि महामार्गावर ओव्हरटेक करताना पाच-सहा हजारांपर्यंत जाते. कमी फेऱ्यांना दोन्ही व्हॉल्व्ह फार वेळ एकदम उघडे राहिले तर जळालेला वायू परत आत शिरतो आणि इंजिन थरथरते. जास्त फेऱ्यांना इनलेट लवकर मिटला तर हवा अपुरी पडते. मधल्या फेऱ्यांवर, भार ओढताना, इनलेट थोडा लवकर उघडून लवकर मिटणे फायद्याचे असते. एकाच बांधलेल्या वेळेत या तिन्ही गरजा भागत नाहीत.

यावर मोटार उद्योगात बरीच वर्षे प्रयत्न झाले. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेसाठीच्या आपल्या स्पायडर गाडीत वेळ बदलणारी रचना बसविली. होंडाची व्हीटेक पद्धत १९८९ मध्ये आणि टोयोटाची व्हीव्हीटी-आय पद्धत १९९५ मध्ये आली. आपल्याकडे मारुतीच्या स्विफ्ट गाडीच्या २०११ च्या नव्या आवृत्तीत १.२ लिटरच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनाला ही सोय मिळाली आणि त्यानंतर ती लहान गाड्यांत सर्रास दिसू लागली.

ऑईलच्या दाबावर चालणारी यंत्रणा

चेन ज्या चक्रावर फिरते ते चक्र साध्या इंजिनात कॅमशाफ्टला घट्ट बांधलेले असते. व्ही.व्ही.टी. इंजिनात या चक्राचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग चेनबरोबर फिरतो आणि आतला पाकळ्यांचा भाग कॅमशाफ्टला जोडलेला असतो. दोहोंच्या मध्ये लहान कप्पे असतात. पाकळीच्या एका बाजूच्या कप्प्यात दाबाखालील इंजिन ऑईल सोडले की आतला भाग थोडा पुढे सरकतो आणि कॅमशाफ्ट 'ॲडव्हान्स' होतो. दुसऱ्या बाजूला सोडले की मागे सरकून 'रिटार्ड' होतो. अशा गिअरने इनलेटची वेळ क्रँकशाफ्टच्या साधारण ४० ते ६० अंशांपर्यंत बदलू शकते. गॅरेजमध्ये याला व्ही.व्ही.टी. गिअर म्हणतात.

ऑईल कोणत्या कप्प्यात सोडायचे हे एक विजेवर चालणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह ठरवितो. त्याच्या आत बोटाएवढी दांडी मागेपुढे सरकते आणि त्याच्या वाटेवर बारीक जाळी असते. सोलेनॉईडला आज्ञा देतो गाडीचा संगणक म्हणजे ई.सी.यू. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्याजवळ बसविलेले दोन सेन्सर संगणकाला प्रत्यक्ष स्थिती कळवितात. संगणक मागितलेला अंश आणि मिळालेला अंश यांची सतत तुलना करतो. तफावत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक काळ राहिली की पिवळा दिवा लावतो.

इंजिन बंद असताना ऑईलला दाब नसतो. त्या वेळी गिअर मोकळा हलू नये म्हणून आत एक लॉक पिन असते. बहुतेक गाड्यांत इनलेटचा गिअर पूर्ण रिटार्ड स्थितीत या पिनेने अडकून राहतो आणि इंजिन सुरू होऊन दाब आला की पिन सुटते. ही गोष्ट पुढे निदानाच्या वेळी उपयोगी पडते.

वरील वर्णनावरून लक्षात येईल की संगणकाची आज्ञा कितीही अचूक असली तरी प्रत्यक्ष काम ऑईल करते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये ऑईल कमी झाले तर नांगर उचलला जात नाही. तेव्हा आपण आधी लिव्हर बदलत नाही, ऑईलची पातळी पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा.

लक्षणे

गिअर ॲडव्हान्स स्थितीत अडकला असेल तर उभी गाडी थरथरते, स्लोवर बंद पडते, सिग्नलला किंवा स्पीडब्रेकरपाशी वेग कमी केला की इंजिन दम तोडते. मात्र रस्त्याला लागल्यावर गाडी बरी चालते. गिअर रिटार्ड स्थितीत अडकला असेल तर उलट होते. उभ्या गाडीत काहीच त्रास जाणवत नाही, पण घाट चढताना किंवा चार माणसे व पाठीमागे भाजीची क्रेट असताना गाडी ओढत नाही, गिअर खाली घ्यावा लागतो आणि अॅव्हरेज घटतो. ही दुसरी तक्रार हळूहळू येत असल्याने पुष्कळदा महिनोन् महिने लक्षात येत नाही.

सकाळी गाडी सुरू करताना पुढच्या बाजूने एक-दोन सेकंद खडखड आवाज येऊन थांबत असेल तर लॉक पिन झिजलेली असणे, चेन ढिली असणे किंवा रात्रभरात ऑईल फिल्टरमधून ऑईल खाली उतरून जाणे, यांपैकी एक कारण असू शकते. चांगल्या फिल्टरमध्ये ऑईल परत जाऊ न देणारा रबरी पडदा असतो. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तो नीट बसत नाही. म्हणून हा आवाज फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर प्रथम फिल्टरकडे पाहावे.

ही लक्षणे इतर बिघाडांतही दिसतात. तुंबलेला एअर फिल्टर, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, जुने स्पार्क प्लग, फुटलेली व्हॅक्यूम नळी यांनीही गाडी झटके खाते. सी.एन.जी. गाडी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. तीच गाडी त्याच रस्त्यावर आधी पेट्रोलवर आणि नंतर गॅसवर चालवून पाहावी. त्रास फक्त गॅसवर होत असेल तर व्ही.व्ही.टी. यंत्रणेवर संशय घेण्याचे कारण नाही, कारण ती दोन्ही इंधनांना सारखीच काम करते. दोष गॅसच्या बाजूला किंवा प्लग-कॉईलमध्ये शोधावा. गॅस पेटविण्यास ठिणगी जास्त जोरदार लागते. त्रास दोन्हींवर सारखा असेल तर पुढील तपासणी करावी.

पहिली तपासणी : डिपस्टिक

गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण घालून काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावी. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर वळणावर किंवा चढावर पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि हवा मिसळलेले ऑईल पाकळीला धरून ठेवू शकत नाही. वरच्या खुणेच्या वर भरले असेल तरीही क्रँकशाफ्ट ऑईल घुसळतो व फेस होतो. म्हणजे 'थोडे जास्त असलेले बरे' हा हिशेब येथे चालत नाही.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'ऑईलचा लाल दिवा लागलेला नाही, मग ऑईलचा प्रश्न कसा?' असे अनेक जण विचारतात. लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. व्ही.व्ही.टी. गिअरला त्याच्या कितीतरी अधिक दाब हवा असतो. त्यामुळे ऑईलची कमतरता प्रथम या गिअरला जाणवते, दिव्याला नंतर.

पातळीनंतर ऑईलची स्थिती पाहावी. ऑईल काळे होणे हे एकटे खराबीचे लक्षण नाही. दोन बोटांमध्ये घेऊन कणकण लागते का, डांबरासारखे चिकट झाले आहे का, पेट्रोलचा वास येतो का हे पाहावे. ऑईल भरण्याचे झाकण उघडून आतल्या बाजूस काळा चिखल साचला आहे का हेही बघावे. पावसाळ्यात व थंडीत झाकणाखाली दुधी रंगाची थोडी साय दिसते. गाडी फक्त वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर अशी दोन-चार किलोमीटर चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे पाण्याची वाफ व पेट्रोल ऑईलमध्येच राहते. पण अशी साय डिपस्टिकवर खालपर्यंत दिसली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे; तो वेगळा व गंभीर बिघाड आहे.

ऑईल बदलण्याची मुदत अनेक पेट्रोल गाड्यांत १०,००० कि.मी. किंवा एक वर्ष, यांपैकी आधी येईल ती, अशी दिलेली असते. शेतकऱ्याची गाडी वर्षात कधी कधी चार हजार किलोमीटरही होत नाही. मग 'अजून सहा हजार बाकी आहेत' म्हणून दोन-दोन वर्षे तेच ऑईल ठेवले जाते. येथे वर्षाची अट महत्त्वाची आहे, किलोमीटरची नाही. धुळीचे रस्ते व लहान फेऱ्या असतील तर कंपनीच्या पुस्तिकेतही मुदत कमी करण्यास सांगितलेले असते.

ग्रेडचा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. ट्रॅक्टरसाठी घरात १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑईलचे डबे असतात. मोटारीत थोडे कमी झाले की त्याच डब्यातून लिटरभर ओतले जाते. ऑईल चांगल्या कंपनीचे असते, पैसेही वाचतात, म्हणून यात काही चूक आहे असे कोणास वाटत नाही. परंतु आजच्या पेट्रोल इंजिनांसाठी ० डब्ल्यू-१६, ० डब्ल्यू-२०, ५ डब्ल्यू-३० अशी पातळ ऑईल ठरवून दिलेली असतात. सोलेनॉईडमधील वाटा आणि गिअरमधील फटी त्या पातळपणाचा हिशेब करून ठेवलेल्या असतात. जाड ऑईल सकाळच्या थंडीत या वाटांतून सावकाश जाते, गिअर मागितलेल्या वेळेत हलत नाही आणि संगणक दिवा लावतो. दुपारी इंजिन तापल्यावर सर्व ठीक दिसते. फक्त सकाळी दिसणाऱ्या अशा दोषामागे ऑईलची ग्रेड असण्याची शक्यता बरीच असते. उलट, पेट्रोल मिसळून ऑईल फार पातळ झाले असेल तर दोष इंजिन पूर्ण तापल्यावर दिसतो. कोणती ग्रेड भरायची हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, काही गाड्यांत ऑईलच्या झाकणावरही असते. शेजाऱ्याची गाडी त्याच नावाची असली तरी इंजिन वेगळे असू शकते, हे ध्यानात घ्यावे.

पातळी, मुदत किंवा ग्रेड यांपैकी कशातही चूक आढळल्यास प्रथम योग्य ऑईल व कंपनीचा फिल्टर घालून घ्यावा आणि काही दिवस गाडी वापरून पाहावी. केवळ एवढ्यावर दोष गेलेली उदाहरणे थोडी नाहीत. आत चिखल साचलेला असेल तर जोरदार फ्लशिंग औषध वापरण्याचा मोह टाळावा. सुटलेला चिखल ऑईल पंपाच्या जाळीत किंवा सोलेनॉईडच्या जाळीत जाऊन अडकतो आणि दुखणे वाढते. त्यापेक्षा योग्य ऑईल भरून पुढचे दोन बदल निम्म्या मुदतीत करणे आमच्या मते अधिक सुरक्षित आहे.

संगणकाचा क्रमांक कसा वाचावा?

भारतात २०१३ नंतर बनलेल्या मोटारींत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस स्कॅनर जोडण्याची सोळा पिनांची जागा असते. मोबाईलशी जोडता येणारे लहान स्कॅनर बाजारात मिळतात. गावात चार-पाच गाड्या असतील तर एकत्र मिळून एक घेण्यास हरकत नाही. गॅरेजमध्ये तपासणी झाली तरी निघालेला क्रमांक कागदावर लिहून मागावा. 'सेन्सर गेला आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

पी ००१० हा क्रमांक सोलेनॉईडच्या विजेच्या मार्गातील दोष दाखवितो. पी ००११ म्हणजे इनलेट कॅम मागणीपेक्षा ॲडव्हान्स राहिला किंवा यंत्रणेचे काम समाधानकारक नाही, आणि पी ००१२ म्हणजे तो रिटार्ड राहिला. एक्झॉस्टच्या बाजूलाही अशी यंत्रणा असेल तर तिचे क्रमांक पी ००१३, पी ००१४ व पी ००१५ असे येतात. पी ००१६ हा क्रमांक क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ बसत नाही असे सांगतो. पी ०३३५ व पी ०३४० हे अनुक्रमे क्रँक सेन्सर व कॅम सेन्सरच्या मार्गाशी संबंधित आहेत.

यांतील एकही क्रमांक 'अमुक भाग बदला' असे सांगत नाही. पिकाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्र कमी आहे असे लगेच म्हणता येत नाही. पाणी साचले असेल, मुळाला रोग असेल, लोह कमी असेल. पी ००११ चेही तसेच आहे. कॅम सेन्सरने चुकीची स्थिती कळविली म्हणून सेन्सर बदलला जातो, पण सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. गिअर चुकीच्या जागी आहे हेच तो कळवीत असतो.

क्रमांक लिहून घेण्यापूर्वी तो पुसू नये. क्रमांकाबरोबर दोष आला त्या क्षणीची माहिती संगणकाने साठविलेली असते : इंजिनचे तापमान, फेरे, गाडीचा वेग. दोष थंड इंजिनात आला की तापलेल्या, हे त्यावरून कळते. पुसल्याबरोबर ही माहितीही जाते. जुनी गाडी विकत घेताना याच गोष्टीचा उपयोग होतो. दिवा लागलेली गाडी विकण्यापूर्वी काही जण क्रमांक पुसून टाकतात. तसे केल्यावर संगणकाच्या अंतर्गत चाचण्या काही काळ 'अपूर्ण' दिसतात. स्कॅनरवर बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर सौदा करण्यापूर्वी पन्नास-शंभर किलोमीटर गाडी फिरवून पुन्हा स्कॅनर लावण्याची अट घालावी, आणि सकाळी पूर्ण थंड असलेले इंजिन स्वतः सुरू करून आवाज ऐकावा.

सोलेनॉईडची परीक्षा

ऑईल योग्य असूनही दोष राहिला तर सोलेनॉईडकडे वळावे. इंजिन चालू असताना काम करावयाचे असल्याने उपरणे, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्याव्यात. रेडिएटरचा विजेचा पंखा न कळवता सुरू होतो.

प्रथम वायरी पाहाव्यात. धान्याच्या कोठाराजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडणे ही फार मोठी शक्यता आहे. कनेक्टर काढून आत ऑईल झिरपले आहे का, पिना हिरव्या पडल्या आहेत का हे बघावे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर दोष सुरू झाला असेल तर याच ठिकाणी उत्तर सापडते. त्यानंतर मल्टिमीटरने सोलेनॉईडच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. पुष्कळ गाड्यांत तो थंड असताना ७-८ ओहमच्या जवळ असतो; आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. शून्य किंवा अमर्याद रोध दिसल्यास कॉईल निकामी आहे.

आता मुख्य परीक्षा. इंजिन तापवून स्लोवर ठेवावे आणि सोलेनॉईडचा कनेक्टर काढावा. फक्त इनलेटला यंत्रणा असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिनच्या चालीत फरक पडू नये, कारण स्लोवर गिअर मुळातच मागच्या स्थितीत असतो. कनेक्टर काढल्यावर थरथर थांबली तर गिअर हलण्याच्या स्थितीत आहे आणि त्याला नको तेव्हा वीज मिळत होती, असा अर्थ निघतो. यानंतर जाणकार मिस्त्रीकडून सोलेनॉईडला फ्यूज असलेल्या वायरीने बॅटरीचे १२ व्होल्ट एक-दोन सेकंद द्यावेत. इंजिन लगेच अडखळले किंवा बंद पडले तर समाधान मानावे. सोलेनॉईड हलतो, ऑईल पोचते आणि गिअर फिरतो, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध झाल्या. मग दोष वायर किंवा सेन्सरच्या बाजूला शोधावा. काहीच फरक पडला नाही तर सोलेनॉईड बाहेर काढावा. वीज जास्त वेळ देऊ नये, कॉईल तापून जळते. कनेक्टर काढल्यामुळे पी ००१० नोंदला जाईल. तो या परीक्षेमुळे आलेला आहे हे लक्षात ठेवावे.

बाहेर काढलेल्या सोलेनॉईडची जाळी उजेडात धरून पाहावी. गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे, धातूचा चुरा किंवा काळा गाळ अडकलेला दिसल्यास ब्रेक क्लीनरने धुवावे. बाहेर असताना क्षणभर वीज दिली असता आतील दांडी पूर्ण सरकून टक असा आवाज व्हावा व वीज काढताच ती परत यावी. अर्ध्यावर अडकत असेल तर सोलेनॉईड बदलावा. परत बसविताना रबरी रिंग नवीन घालावी. ज्या इंजिनात इनलेट व एक्झॉस्ट दोन्हींना एकाच पार्ट क्रमांकाचे सोलेनॉईड आहेत, तेथे त्यांची अदलाबदल करून पाहणे ही बिनखर्चाची युक्ती आहे. पी ००११ जाऊन पी ००१४ आला तर दोष सोलेनॉईडबरोबर गेला, म्हणजे दोषी तोच. क्रमांक जागेवरच राहिला तर सोलेनॉईड निर्दोष आहे.

धातूचा चमकणारा चुरा जाळीत सापडला तर मात्र नुसती जाळी धुऊन गाडी पुढे चालवू नये. तो चुरा कोठून तरी झिजून आलेला आहे. बेअरिंग, ऑईल पंप व चेन तपासून घ्यावी.

चेन व गिअर : खोलण्यापूर्वी

कनेक्टर काढलेल्या स्थितीत स्कॅनरवर कॅमचा प्रत्यक्ष अंश पाहावा. तो शून्याजवळ असावयास हवा. सोलेनॉईडला वीज नसतानाही काही अंशांची कायमची तफावत दिसत असेल तर चेन ताणली गेली आहे, दात सुटला आहे, गिअर आत अडकला आहे किंवा सेन्सरचे चक्र हलले आहे. पी ००१६ बरोबर अशी तफावत आणि पुढच्या बाजूने सतत घरघर असेल तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. अनेक आधुनिक इंजिनांत चेन निसटली तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरविण्याचा खर्च येतो. पाच-सहा किलोमीटरचा प्रवास वाचविण्यासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

चेन कव्हर उघडण्यापूर्वी ऑईलच्या दाबाची मोजणी करून घेण्याचा आग्रह धरावा. लाल दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबमापक बसविता येतो. काम अर्ध्या तासाचे आहे. तापलेल्या इंजिनचा स्लोवरचा व वाढविलेल्या फेऱ्यांवरचा दाब मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावा. दाबच कमी असेल तर नवा गिअर बसवूनही तोच क्रमांक परत येईल. हे न पाहता गिअर बदलल्याने दोनदा खर्च झाल्याचे दिसून येते.

चेन बदलण्याची वेळ आली तर टेन्शनर व गाईड पट्ट्याही बरोबर बदलाव्यात, कारण मजुरी एकदाच पडते. गिअर खोलून आतून धुण्याचा प्रयत्न करू नये. गिअर बसविताना लॉक पिन आपल्या जागी अडकली आहे याची खात्री करूनच मधला बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावा. क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे मिस्त्रीसमोर उभे राहून पाहावे आणि मगच कव्हर बसवू द्यावे.

काम पूर्ण झाल्यावर क्रमांक पुसून गाडी सुरू करावी व ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत इंजिन रेस करू नये. त्यानंतर वीस-तीस किलोमीटर, त्यात थोडा चढ व थोडा मोकळा रस्ता येईल अशा बेताने गाडी चालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून पहिल्या दोन सेकंदांचा आवाज ऐकावा, स्कॅनर पुन्हा लावावा आणि भरलेल्या ऑईलची ग्रेड, तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतील बाजूस चिकटवावी.